दुसरी कुपी

दचकू नका, मीच बोलतोय. टेबलाखालचा निळा डबा. पांढरं झाकण, खांद्याला अडकवायचा पट्टा आणि पोटावर पांढऱ्या रंगात लिहिलेला सतरा हा आकडा. तुम्ही मला नक्की पाहिलेलं आहे. पोलिओच्या रविवारी, शाळेच्या व्हरांड्यात, नर्सबाईच्या खांद्यावर. तुमचं सगळं लक्ष बाळाच्या तोंडात पडणाऱ्या थेंबांकडे होतं, म्हणून आपली ओळख राहून गेली. मी लसीचा डबा आहे.

खरं म्हणजे बोलणं माझ्या स्वभावात नाही. माझं सगळं आयुष्य तोंड बंद ठेवण्यात गेलं. झाकण घट्ट बसलं तर आतला गारवा टिकतो, आणि गारवा टिकला तर माझा उपयोग. जो डबा उठसूट उघडा पडतो, त्याला भंगारात टाकतात. पण एक गोष्ट काही वर्षांपासून माझ्या आत आहे आणि आता ती मला झेपत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात ओतलं, दोन भिंतींच्या मध्ये फेस भरला, तो फुगून घट्ट झाला आणि मी तयार झालो. त्या एका दिवसात माझे दोनशे भाऊ जन्मले. ट्रकमध्ये एकमेकांवर रचून आम्हाला जबलपूरला आणलं. तिथल्या गोदामात आठ महिने मी उलटा पडून होतो. मग एका बाबूने आमच्यावर आकडे रंगवले. सोळा नंबरच्या वाट्याला शहरातला दवाखाना आला. पंखा, कूलर, सगळा थाट. माझ्या वाट्याला कुंडम आलं. तेव्हा मी फार रुसलो होतो.

कुंडम म्हणजे तहसिलीचं गाव, पण बाजार संपला की लगेच साल आणि मोहाचं जंगल लागतं. मी तिथल्या दवाखान्यात राहतो. सकाळी सातला बर्फाच्या चार चपट्या बाटल्या शीतकपाटातून काढतात, त्यांना घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवतात आणि मग माझ्या चार भिंतींना लावतात. मधे कुप्यांची पिशवी, वर फोमची गादी. मग बंटी मला मोटारसायकलला बांधतो. बंटी चाळिशीचा गडी, लस गावोगाव पोचवणं हेच त्याचं काम. रस्त्यात खड्डा आला की मला "सॉरी भैया" म्हणतो. मला तो आवडतो, पण त्याला तसं कधी सांगता आलं नाही.

बंटी मला जिच्या हवाली करतो, ती यामिनी. पिपरटोल्याची नर्स. पिपरटोला म्हणजे कुंडमपासून वीस किलोमीटर आत, पन्नास-साठ घरांचं गाव. यामिनी कंत्राटावर आहे; दरवर्षी मार्चमध्ये तिचा कागद पुढे सरकतो की नाही, याची तिला धास्ती असते. तिचे वडील जबलपूरलगतच्या खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात होते. घर मराठी, पण शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी. आई मराठीत विचारायची आणि ही हिंदीत उत्तर द्यायची. जबलपूरच्या मराठी घरांत हे असंच चालतं. ही मंडळी भांडतात हिंदीत आणि लाजतात मराठीत.

त्या जंगलात तिच्याशी मराठीत बोलणारी एकच बाई होती. विभावरीकाकू.

काकू आणि त्यांचे यजमान नीलकंठकाका गावाच्या पुढे दीड किलोमीटरवर राहायचे. काका खमरियाच्याच कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, काकू तिथल्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. जन्मभर क्वार्टरमध्ये राहिलेल्या या दोघांनी म्हातारपणी दोन एकर जमीन घेतली, दोन खोल्या बांधल्या, लिंबं लावली. खमरियातले लोक हसले. मुलगा अमेय पुण्याला, तो चिडला. काकू म्हणाल्या, "अरे, इथं सकाळी भोंगा नाही वाजत, एवढं पुरे आहे मला."

मंगळवारी मी शाळेच्या व्हरांड्यात पोचलो की थोड्या वेळात काकांची मोपेड यायची. मागे काकू, काकूंच्या मांडीवर स्टीलचा डबा. त्यात कधी गोळाभात, कधी नुसतेच पोहे. यामिनी सकाळी उपाशी निघते, हे काकूंनी पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. तो डबा माझ्या शेजारी ठेवला जायचा. त्याच्या अंगाला वाफ, माझ्या अंगाला गारवा. आमचं दोघांचं काही जमायचं नाही.

एकदा काकू यामिनीला हसत सांगत होत्या. क्वार्टरचं छत अकरा वर्षं गळत होतं. पावसाळ्यात पलंगाखाली तीन बादल्या. काकांच्या हाताखालच्या माणसांनी अर्ज केले आणि चांगली क्वार्टरं घेतली. काकांनी अर्ज केला नाही.

"काहून नाही केला, काका?" यामिनीने विचारलं.

"अगं, मागायचं कसं?" काका म्हणाले. "त्यांना दिसत नाही का? दिसतं तर द्यावं त्यांनी."

"आणि हे मला नावं ठेवतात," काकू म्हणाल्या. "मी तरी कुठं मागितलं कधी काही? लग्नाच्या पंगतीत वाढपी चुकून पुढे गेला, तर मी तशीच जेवून उठते, बिना वरणाची."

तिघंही हसली. मलाही तेव्हा गंमत वाटली होती.

मग तो आजार आला. पहिल्या वर्षी मला काही काम नव्हतं, मी कपाटावर धूळ खात होतो. दुसऱ्या वर्षी लस आली आणि माझा भाव वधारला. मला साबणाने घासलं, पट्टा नवा बसवला. दवाखान्यातले लोक मला दोन्ही हातांनी उचलू लागले. खोटं कशाला बोलू, मी फुशारलो होतो.

ही लस मोठी लहरी. एका कुपीत दहा माणसांची लस. बुचात सुई एकदा गेली की चार तासांत ती संपवायची, उरली तर फेकायची. म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय कुपी फोडायची नाही, असं वरून बजावलेलं. शहरात त्याचं काही वाटत नाही. तिथे दहा जण रांगेत भांडत असतात. पिपरटोल्यात दहा माणसं आणायची कुठून? एप्रिल म्हणजे मोहफुलांचे दिवस. पहाटेपासून अख्खं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली. शिवाय सुईची भीती. कोणीतरी सांगितलं होतं की सुई घेतली की माणूस वर्षभरात जातो. बिचाऱ्यांचं काय चुकलं? त्यांच्या गावात आजवर कोणी काही फुकट आणून दिलेलं नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी चार जण आले. यामिनी दुपारपर्यंत थांबली. चौघांत एक म्हातारा होता, तो आठ किलोमीटर चालत आला होता. तिला त्याला परत पाठववेना. तिने कुपी फोडली. चौघांना लस दिली आणि उरलेली सहा जणांची लस संध्याकाळी फेकली.

आता ऐका, त्या दिवशी काका-काकू कुठे होते. अमेयने पुण्यात बसून, मोबाइलवर तीन दिवस खटपट करून, जबलपूर शहरात त्यांचा नंबर लावला होता. त्याच मंगळवारचा, अकरा वाजताचा. काकांच्या घरी फोनला रेंज नाही. मोबाइल घेऊन टेकाडावरच्या मोहाखाली उभं राहावं लागतं. तिथे उभं राहून काकांनी मुलाला मोबाइलवर आलेला सहा आकडी ओटीपी कळवला होता, तोही दोनदा उशिरा, तिसऱ्यांदा वेळेत. सकाळी सहाला दोघं मोपेडने कुंडमला आले. पण लॉकडाऊन लागला होता, बस नव्हती, जीपवाले शहराकडे जायला तयार नव्हते. पन्नास किलोमीटर मोपेडने जायचा काकांचा विचार होता, पण नाक्यावरच्या पोलिसाने परत पाठवलं. दोघं घामाघूम होऊन घरी परतले, आणि इकडे शाळेच्या मागच्या खड्ड्यात सहा जणांची लस मातीत मुरत होती.

चार दिवसांनी यामिनीला कागद आला. लस वाया घालवल्याबद्दल खुलासा करावा, पुन्हा असं झाल्यास कंत्राट पुढे चालू राहणार नाही. तिने तो कागद घडी घालून माझ्या पट्ट्याच्या खिशात ठेवला. घरी तिची आई पांगळी आहे, आणि पगार येतो तो हिचाच. कागद दोन महिने माझ्या अंगावर होता, म्हणून मला तो पाठ झाला.

पुढच्या मंगळवारी सहा जण आले, त्यात काका-काकू. यामिनीने चारपर्यंत वाट पाहिली.

"काका, मी काय करू? लेटर आलंय मला," ती म्हणाली. रडायलाच आली होती. "दहा झाले की फोडते. पक्का."

"अगं, तू काहून परेशान होऊन राहिली?" काका म्हणाले. "आम्ही काय पळून चाललो? पुढच्या मंगळवारी."

त्याच्या पुढच्या मंगळवारी आठ. दोन माणसांसाठी काका मोपेड घेऊन गावभर फिरले आणि एकटेच परत आले. त्यांना लोकांना समजावता येत नसे. ते दारात उभे राहायचे, घसा साफ करायचे आणि "बघा, जमलं तर या" म्हणून निघायचे.

मग काकूंनी पदर खोचला. सुमरतीबाई म्हणून गावातली एक बाई होती, तिच्या नातीला काकू पाढे शिकवायच्या. काकूंनी सुमरतीला धरलं. सात दिवस दोघी दारोदार फिरल्या. आता मोह संपून तेंदूपत्त्याचे दिवस सुरू झाले होते, लोक दुपारी विडीच्या पानांचे गठ्ठे बांधत बसायचे. काकू त्यांच्यात बसायच्या आणि पानं मोजू लागायच्या. हे मला सुमरतीनेच नंतर सांगितलं. म्हणजे यामिनीला सांगितलं, मी ऐकलं.

"बाई बोलीं, सुमरती, पहले मोखों लगहे सुई, तुम देखियो," सुमरती सांगत होती. "मैं मर जाऊं तो तुम मत लगवइयो. तब सब हँस परे."

मेचा पहिला मंगळवार उजाडला. त्या दिवशी माझ्या पोटात दोनच कुप्या होत्या. वरून माल कमी येत होता, तरी दोन दिल्या म्हणून बंटी खूश होता. आम्ही पोचलो तर व्हरांड्यात माणसं! मी माझ्या आयुष्यात पिपरटोल्यात असं दृश्य पाहिलं नव्हतं. नऊ जण ओळीने बसले होते, तोंडाला गमछे बांधून. सुमरती, तिचा नवरा, दीर, शेजारचे. आणि बाजूला काका-काकू. एकूण अकरा.

यामिनीने हाताने मोजलं. पुन्हा मोजलं. मग काकूंना मिठी मारायला गेली आणि आजाराचे दिवस आठवून मधेच थांबली.

काकूंचं अक्षर सुंदर. त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं आणि नावं लिहायला बसल्या, अगदी माझ्याशेजारी. पहिलं नाव सुमरतीचं. मग तिच्या नवऱ्याचं. मग एकेक करत नवव्यापर्यंत. आपण बोलावलेली माणसं आधी, घरचे शेवटी. पंगतीची हीच रीत त्यांच्या हातात बसली होती. दहावं नाव काकांचं लिहिलं. अकरावं स्वतःचं.

"काकू, तुमचं पहिलं लिहायचं ना," यामिनी म्हणाली. "तुम्ही तर सगळ्यांना सांगितलं होतं, पहली सुई मेरी."

"सुमरती म्हणाली, मीच पहिली बसते. मग मी काय म्हणणार?" काकू हसल्या. "आणि तूच म्हणतेस ना, कधी कधी शीशीत अकरा निघतात?"

ते खरं होतं. कुपीत चार थेंब जास्तीचे असतात. हात बसलेला असला तर कधी अकरावा डोस निघतो.

यामिनीने माझं झाकण उघडलं, एक कुपी काढली आणि बुचात सुई घातली. सुमरतीने डोळे मिटले. मग एकामागून एक. कोणी रडलं नाही, कोणी पळालं नाही. फक्त सुमरतीच्या दिराने सुई लागायच्या आधीच "हो गई?" विचारलं आणि सगळे हसले. दहावे काका. काका उठून काकूंना म्हणाले, "तू बस. मी मागाहून."

"तुम्हाला साखर आहे," काकू म्हणाल्या. "बसा मुकाट्यानं."

काका बसले. जन्मभर ते त्यांचं ऐकत आले होते.

मग काकू खुर्चीत बसल्या. पदर सरकवला, बाही वर केली. यामिनीने कुपी उलटी धरली, प्रकाशात धरली, सुई आत-बाहेर केली. सिरिंज निम्मीच भरली. तिने कुपीवर टिचक्या मारल्या. पुन्हा ओढलं. हवेचा बुडबुडा आला. अर्धी लस देता येत नाही, ती धड लागू पडत नाही. यामिनीने सिरिंज खाली ठेवली.

"काकू... आज नाही निघत."

"अच्छा," काकू म्हणाल्या. त्यांनी बाही खाली केली. "काही हरकत नाही गं. पुढच्या मंगळवारी."

आणि दुसरी कुपी माझ्या पोटात होती. भरलेली, गार, सीलबंद. काकूंच्या उघड्या दंडापासून दोन हातांवर.

यामिनीचा तळहात माझ्या झाकणावर होता. तिने झाकण लावलं नाही. उघडलंही नाही. ती तशीच उभी राहिली. एका माणसासाठी ही फोडली तर नऊ जणांची लस फेकावी लागणार, आणि तो कागद माझ्याच खिशात होता. मी काय करणार? माझ्या हातात असतं तर मी स्वतःहून उघडलो असतो. त्या क्षणी मी काकूंकडे पाहूही शकलो नाही, इतकी मला लाज वाटत होती. काकांनी मोपेडची चावी खिशातून काढली. सुमरती आपला दंड चोळत सगळ्यांना दाखवत होती. मग यामिनीने झाकण दाबलं आणि कडी लावली.

परतीच्या वाटेवर बंटी गाणं गुणगुणत होता. दहा जणांना लस लागली, गावाने सुई घेतली, त्याच्या दृष्टीने मोठा दिवस होता. खड्ड्यागणिक ती कुपी माझ्या आत हलत होती. तिचं वजन ते किती? पण त्या दिवशी मला ती जड झाली.

दुसऱ्या दिवशी ती कुपी दुसऱ्या गावाला गेली. मीच नेली. तिथे दहा माणसं होती, सगळ्यांना मिळाली. त्यांचं भलं होवो. त्यांच्यावर माझा राग नाही.

पुढच्या मंगळवारी माल आलाच नाही. मी कपाटावर रिकामा पडून होतो. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी पिपरटोल्यात पोचलो तेव्हा मोपेड आली नाही. यामिनी रस्त्याकडे पाहत होती. मग सुमरती आली, लांब उभी राहिली आणि म्हणाली, "दीदी, मास्टरनी बाई खों बुखार है. चार दिन हो गए. सांस चढ़त है."

यामिनी सगळं तिथेच टाकून बंटीच्या मागे बसून गेली. मी व्हरांड्यात एकटाच राहिलो, कडी न लावलेला. मला पहिल्यांदाच कोणी असं उघडं टाकून गेलं. दुपारी जीप मिळाली, काका-काकूंसोबत बंटी गेला. जबलपूरला तीन ठिकाणी दारातूनच परत पाठवलं, चौथ्या ठिकाणी व्हरांड्यात जागा दिली. काकांनाही ताप होता, पण त्यांचा दोन दिवसांत उतरला. काकू शनिवारी गेल्या. अमेयला येऊ दिलं नाही, काकांना चेहरा दाखवला नाही. हे सगळं बंटीने यामिनीला सांगितलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

त्यानंतर पिपरटोल्यात माणसांची कमी पडली नाही. "मास्टरनी बाई ने सुई नहीं लगवाई, सो चली गईं," असं गावात सगळे म्हणू लागले. त्यांनी सुई का घेतली नाही, हे त्या नऊ जणांना माहीत होतं, आणि त्यांतला प्रत्येक जण आणखी कोणाला तरी घेऊन आला. जुलैपर्यंत मी चार-चार कुप्या नेऊ लागलो आणि संध्याकाळी रिकामा परत येऊ लागलो. यामिनीचं वर कौतुक झालं. शाबासकीचा कागदही आला. तो तिने घडीसुद्धा न घालता चुलीत टाकला, असं बंटी सांगत होता.

तिचं माझ्याशी वागणं बदललं होतं. पूर्वी ती मला खांद्यावर घेऊन चालायची तेव्हा पट्ट्याशी चाळा करायची. आता मला हातात धरायची, अंगापासून लांब. झाकणावर तळहात ठेवायची वेळ आली की कडेला धरून उघडायची. मला कळत होतं. मी तिला दोष देत नाही.

काकांचा दुसरा डोस बारा आठवड्यांनी होता. ते ऑगस्टमध्ये आले, दोन मंगळवार उशिरा. मोपेडवर एकटे. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, पण गालावर एक पांढरा झुपका राहून गेलेला. आरशात पाहून सांगणारं घरी कोणी नव्हतं. रांगेत लोक उठून त्यांना पुढे जायला सांगू लागले. त्यांनी हात जोडले आणि शेवटी जाऊन बसले.

त्यांची पाळी आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. यामिनीने सुई दिली. काकांनी कापूस दाबून धरला. नियमाप्रमाणे अर्धा तास बसायचं होतं. बाकीचे गेले. बंटी मोटारसायकल पुसायला निघून गेला. व्हरांड्यात ती दोघं आणि मी.

यामिनी त्यांच्यासमोर येऊन जमिनीवर बसली.

"काका, एक बात बोलनी है," ती म्हणाली. मग थांबली आणि तोडकंमोडकं मराठी जमवू लागली. "त्या दिवशी डब्यात आणखी एक शीशी होती. भरलेली. मी कोणाला सांगितलं नाही. मी झाकणावर हात ठेवून उभी होती, किती वेळ. मला वाटून राहिलं होतं, काकू म्हणतील, यामिनी, दे ना गं. बस, एकदा. एकदा म्हटलं असतं ना काका, तर मी फोडली असती. नोकरी गेली तर गेली. पण माझ्या मनानं फोडायची हिंमत नाही झाली. मी वाट पाहत राहिली."

काकांनी कापूस उचलून पाहिला, पुन्हा दाबून धरला. बाहेर मोटारसायकलवर फडकं फिरत असल्याचा आवाज येत होता.

"तिनं पाहिली होती," ते म्हणाले.

यामिनीने मान वर केली.

"नावं लिहून राहिली होती ना, तुझ्या बाजूला. झाकण उघडलं तेव्हा दिसली तिला. घरी जाताना, नाल्यापाशी, मागून म्हणाली, पोरीच्या डब्यात अजून एक शीशी आहे हो. मी गाडी थांबवली. म्हटलं, मग मागितली काहून नाही? चल, वळतो. अजून ती असेल तिथं." काकांनी घसा साफ केला. "तर म्हणाली, नाही. मागितली तर ती पोर देईल. म्हणूनच नाही मागितली."

यामिनीच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो मी कधी ऐकला नव्हता.

"तू रडू नको," काका म्हणाले. "तुझ्यावर माझं काही नाही. तिचं तर नव्हतंच. मीच... मी गाडी थांबवली होती ना बेटा. इंजिन बंद केलं होतं. वळायला कितीसा वेळ लागला असता? पण मला पण वाटलं, कसं मागायचं." त्यांचे ओठ हलत राहिले. "मी परत किक मारली."

अर्धा तास कधीच होऊन गेला होता. दोघं तशीच बसून राहिली. मी सगळं ऐकलं आणि माझं झाकण बंद होतं.

आता त्याला काही वर्षं झाली. काका पुण्याला गेले. अमेय येऊन घेऊन गेला. लिंबाची झाडं सुमरती बघते. यामिनीचं कंत्राट अजून दर मार्चला पुढे सरकतं. माझा रंग उडालाय, एका कोपऱ्याला चीर गेली आहे आणि गारवा पूर्वीसारखा टिकत नाही. यंदा नवे डबे येणार आहेत. तेव्हा मला गोदामात टाकतील, किंवा कोणी घरी नेऊन धान्य भरेल. मला त्याचं दुःख नाही. माझ्या वाट्याची हजारो बाळं आता शाळेत जातात.

तुम्हाला मात्र एक विनवणी आहे. तुम्हाला तोंड दिलंय. कुठे तुमच्या माणसाच्या वाट्याचं काही समोर असेल आणि समोरच्याचा हात झाकणावर थांबलेला दिसला, तर भीड धरू नका. दे, म्हणा. नाही म्हणायचं असेल तर समोरचा म्हणेल. घरी जाताना वाटेत आठवलं तर गाडी वळवा. उशीर झाला, लोक काय म्हणतील, असलं काही मनात आणू नका. आधी वळवा.